परदेशातलं छोटं गेस्टहाऊस 'कार्ड नको, आल्यावर रोख द्या' म्हणतंय. बुक करावं का?

मालकिणीने अॅडव्हान्सही मागितला नाही, म्हणून तुम्हाला शंका आली आहे की यात काही गोम तर नाही ना. मला तर उलटं वाटतं. पैसे तुमच्या खिशात आहेत, खोली तिने अडवून ठेवली आहे. तुम्ही आलाच नाहीत तर बुडणार ती. फसवणारा 'आल्यावर द्या' कशाला म्हणेल? तो 'आत्ता पाठवा' म्हणतो. बुकिंग साइटच्या चॅटमध्येच एखादी लिंक येते आणि कार्ड लगेच पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द होईल, अशी घाई लावतात. मालकाचं खातं हॅक करून असे मेसेज पाठवायचे प्रकार बरेच झालेत, त्यामुळे मेसेज खऱ्या चॅटमध्ये आलाय एवढ्यावर विसंबू नका.

रोख का हवी असते? साइटचं कमिशन बऱ्याचदा १५ टक्क्यांच्या घरात जातं, वर कार्ड मशीनचा खर्च, आणि पैसे खात्यात जमा व्हायला लागणारे दिवस. काहींना कर चुकवायचा असतो, हेही आहेच. आणि काही देशांत इलाजच नसतो: निर्बंधांमुळे इराणमध्ये बाहेरची व्हिसा-मास्टरकार्ड चालतच नाहीत.

तेव्हा बुकिंग खुशाल करा, पण निघण्याआधी मालकिणीकडून लेखी उत्तर घ्या: सगळ्या रात्रींचे मिळून किती, कोणत्या चलनात, आणि कर धरून की वेगळा? साइटवर तुमच्या चलनात दिसणारा आकडा बहुतेक वेळा नुसतं रूपांतर असतं. ठरलेला भाव स्थानिक चलनात असतो आणि दारात वाद होतो तो यावरूनच. कराचंही तसंच. इटलीत बऱ्याच शहरांत माणशी, दर रात्रीमागे पर्यटन कर असतो. खोलीचे पैसे आधी भरलेले असले तरी तो अनेकदा तिथे पोचल्यावर वेगळा मागतात, आणि छोट्या घरांत तोही रोखच.

पैसे कुठून काढणार तेही आधीच बघा. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात, त्यामुळे तिथे फार चिंता नाही. डोंगरातल्या गावी जाणार असाल तर मात्र खालच्या शहरातच काढून घ्या. एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का' असं विचारलं तर सरळ नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. त्या सोयीच्या भावात त्यांचा नफा धरलेला असतो. मोठ्या नोटा वाटेतच मोडून घ्या. कंबोडियात डॉलर चालतात, पण जरासा फाटका कोपरा किंवा शाईचा डाग असला तरी नोट परत करतात. तिथे नोटा पाकिटात दुमडून नाही, वहीत सपाट ठेवून न्यायच्या.

रोखीतच फायदा असतो असं मात्र समजू नका. अर्जेंटिनात परदेशी पर्यटकाने मुक्कामाचे पैसे परदेशी कार्डाने भरले तर २१ टक्के व्हॅट माफ होतो, रोख पेसो दिले तर नाही. म्हणजे मालकाने रोखीवर दिलेली सूट या माफीपेक्षा मोठी आहे का, ते आधी बघायचं. ग्रीसमध्ये रोखीच्या व्यवहाराला ५०० युरोची मर्यादा आहे, तेव्हा मुक्काम लांबलचक असेल तर आधी बोलून घ्या.

पोचायची वेळ कळवणं हे मला पैशांइतकंच महत्त्वाचं वाटतं. अशा घरांत रिसेप्शन नसतं, घरचीच माणसं दार उघडतात. जॉर्जियातल्या एका डोंगराळ गावात मी उतरलो होतो, तिथल्या आजींची सगळी बुकिंग व्यवस्था म्हणजे शाळेची चौकटीची वही. पेन्सिलने नाव, रात्री, जेवण हवं की नको. पैसे मिळाले की त्या ओळीवर आडवी रेघ. माझ्या नावाच्या वरचं एक नाव रबराने पार खोडलेलं दिसलं. ते पाहुणे अंधार पडेपर्यंत आले नाहीत, फोनही नाही, म्हणून खोली दुसऱ्यांना देऊन टाकली, असं त्यांच्या नातवाने सांगितलं. मला त्यात आजींचं काही चुकलं असं वाटलं नाही. उशीर होणार असेल तर वाटेतून कळवा.

'साइटवरचं बुकिंग रद्द करा, मला थेट द्या, स्वस्तात देतो' असं कोणी म्हणालं तर? आधी राहून आला असाल तर बेलाशक. पहिल्यांदा जाताना मी नाही म्हणतो. खोली मिळाली नाही तर तक्रार करायला जागा उरत नाही, आणि व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागत असेल तर तोही हातचा जातो.

पोचलात की आधी खोली बघा, गरम पाणी येतंय का ते नळ सोडून बघा, मग पैसे मोजा. पावतीपुस्तक नसेल तर कागदावर तारखा आणि रक्कम लिहून सही घ्या, किंवा तिथेच उभ्या उभ्या चॅटमध्ये 'इतके पैसे दिले' असं टाकून तिच्याकडून 'मिळाले' लिहून घ्या. पासपोर्टची नोंद करतील, फोटो काढतील. पुष्कळ देशांत तो नियमच आहे. पण पैसे देईपर्यंत पासपोर्ट आमच्याकडे ठेवा म्हणाले, तर त्यापेक्षा तिथल्या तिथे पूर्ण पैसे देऊन मोकळे व्हा.