न्यू जर्सीत आईला मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा) दोन्ही आहेत. दोन्ही एका कार्डावर येतील का?

येतील. न्यू जर्सीत याला ‘ड्युअल स्पेशल नीड्स प्लॅन’ म्हणतात. मेडिकेअरचे पार्ट ए (हॉस्पिटल) व पार्ट बी (डॉक्टर) दोन्ही चालू हवेत आणि न्यू जर्सी फॅमिलीकेअरचं, म्हणजे राज्याच्या मेडिकेड योजनेचं, पूर्ण मेडिकेड मंजूर असावं लागतं. राज्य फक्त मेडिकेअरचा हप्ता भरत असेल तर तेवढं पुरत नाही.

आधी डॉक्टरांची आणि औषधांची यादी काढा. प्लॅन काउंटीनुसार बदलतात, त्यामुळे नेहमीचे डॉक्टर प्लॅनच्या नेटवर्कमध्ये (प्लॅन चालणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत) आहेत का, हे प्लॅनला आणि दवाखान्यालाही विचारा. मग मेडिकेअर क्रमांक आणि मेडिकेड कार्ड हाताशी ठेवून प्लॅनकडे किंवा मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या नंबरवर फोन करा. दुभाषी फुकट मिळतो. २०२५ पासून अशा एकत्रित प्लॅनमध्ये दर महिन्याला जाता येतं, कव्हर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. नवं कार्ड आलं तरी मेडिकेअरचं मूळ लाल-पांढरं-निळं कार्ड फेकू नका.

नंतर औषधांसाठी म्हणून वेगळा पार्ट डी प्लॅन घेऊ नका. तो घेतला की या प्लॅनमधून नाव आपोआप कटतं. फोनवर गोड बोलून ‘फ्री कार्ड’ देणाऱ्या एजंटांमुळेही हे घडू शकतं.

मेडिकेडचं नूतनीकरण मात्र तुम्हालाच सांभाळायचंय. पत्ता बदलला आणि फॉर्म जुन्या घरी गेला, तर मेडिकेड बंद होतं आणि काही काळाने प्लॅनही जातो.

ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना बहुधा ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत यातलं काहीच लागू होत नाही.