कार्यशाळेला सात कर्णबधिर मंडळी येणार आहेत; छापील नोट्स दिल्या तर दुभाषी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की महाविद्यालयात बचत, विमा आणि बँकेचे व्यवहार यांवर दिवसभराची कार्यशाळा आहे. नावं दिलेल्यांत सात जण कर्णबधिर आहेत आणि त्यांतल्या एकीने ‘दुभाषी (बोललेलं सांकेतिक भाषेत आणि सांकेतिक भाषेतलं बोलून सांगणारा) असेल तरच येऊ’ असं कळवलंय. प्राचार्यांचं म्हणणं, सगळं मराठीत छापून दिलं की भागेल. माझं उत्तर सरळ आहे: भागणार नाही.

लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या माणसाच्या कानावर मराठी पडलेलीच नसते. आपण आधी चार-पाच वर्षं घरात मराठी ऐकून मुरतो आणि मग अक्षरं गिरवतो. त्यांच्यातल्या अनेकांसाठी लेखी मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी शब्दांना लावलेल्या खुणा नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे. विभक्तीचे प्रत्यय नाहीत. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, नकारही शेवटी येतो. ‘हो की नाही’ असा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो आणि कोणी कोणाला दिलं हे हात कुठून कुठे गेला त्यावरून कळतं. आता ‘मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास व्याज मिळणार नाही असे नाही’ हे वाक्य घ्या. ऐकणारा माणूसही इथे एकदा अडखळतो. ज्याची ही दुसरी भाषा आहे तो नेमका उलटा अर्थ घेऊन घरी जाऊ शकतो, आणि विषय पैशांचा आहे. उत्तम मराठी वाचणारे, पदवी घेतलेले कर्णबधिरही पुष्कळ आहेत, पण सातही जण तसेच असतील असं धरून चालू नका.

छापील कागदाची दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते: तो एकाच दिशेने चालतो. साठ जण वक्त्याला प्रश्न विचारणार आणि सात जण कागद वाचत बसणार, याला सहभाग म्हणता येत नाही. सांकेतिक भाषा तुम्हाला आणि तुमच्या वक्त्याला येत नाही, तेव्हा दुभाषी त्या सात जणांइतकाच तुमच्यासाठीही आहे. नोट्स जरूर द्या, पण छोट्या वाक्यांत, आदल्या दिवशी आणि दुभाषीच्या जोडीला.

ओठ वाचतील, अशी आशाही ठेवू नका. प, फ, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. बाळ, माळ आणि पाळ यांत डोळ्यांना फरक कळत नाही. क, ग, ख तर घशाशी उमटतात, दिसतच नाहीत. त्यात वक्ता फळ्याकडे वळला की उरलंसुरलंही गेलं.

कामाची सुरुवात दुभाषी शोधण्यापासून नको, त्या सात जणांना विचारण्यापासून हवी. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर विचारा: सांकेतिक भाषा येते का, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) आहे का, मजकूर वाचायला सोयीचा पडतो का, कुणाला दिसायलाही कमी आहे का, आणि एखाद्या दुभाषीबरोबर आधी काम करून पटलेलं आहे का. व्हिडिओने उत्तर दिलं तरी चालेल, हे आवर्जून लिहा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागू नका आणि किती ऐकू येतं त्या आकड्यावरून काही ठरवूही नका. कायद्यात दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबलचा असला की ‘बधिर’ आणि ६० ते ७० असला की ‘ऐकू कमी येणारे’ धरतात. पण चाळिशीत ऐकू येणं गेलेल्या माणसाचा श्रवणऱ्हास ९० डेसिबलचा असला तरी त्याला सांकेतिक भाषेचा एक शब्द येत नसेल. त्याला पडद्यावर मजकूर हवा, दुभाषीचा उपयोग नाही. पत्रात ‘मूकबधिर’ हा शब्दही टाळा. ही माणसं मूक नाहीत, त्यांना भाषा आहे.

आता दुभाषी. कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी शोध सुरू करा, कारण प्रशिक्षित दुभाषी महाराष्ट्रात फार थोडे आहेत आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात (२३ सप्टेंबर हा सांकेतिक भाषा दिन) तर मिळणं फारच कठीण होतं. चौकशीच्या जागा तीन. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (वाणी आणि श्रवण दिव्यांगांसाठीची), दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र, आणि तुमच्या जिल्ह्यातली कर्णबधिरांची स्वतःची संघटना. मी तिसऱ्या जागेपासून सुरुवात करेन. कोणाचं काम नीट समजतं हे ते बघणाऱ्यांनाच ठाऊक असतं. पात्रता विचारताना सांकेतिक भाषा दुभाषी पदविका आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी या दोन गोष्टी बघा. सांकेतिक भाषेच्या पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र म्हणजे भाषेची तोंडओळख. त्याच्या बळावर दिवसभराचं काम होत नाही.

कर्णबधिर शाळेतले शिक्षक किंवा कुणाचा भाऊ-बहीण चालतील का, हा प्रश्न प्राचार्य नक्की काढतील. शिक्षकाला वर्गात शिकवता येतं, पण भरभर बोलणाऱ्याचं जागच्या जागी भाषांतर करणं हे वेगळं कौशल्य आहे. नातेवाइकांचा धोका याहून मोठा. कार्यशाळा वारस नेमणं, बँकेतली शिल्लक आणि कर्ज यांवर आहे. ‘माझ्या खात्याचं एटीएम कार्ड भावाकडे असतं, ते परत कसं घेऊ?’ हा प्रश्न भावाच्याच हातांतून कसा विचारला जाईल? आणि घरचा माणूस, चांगल्या हेतूने का होईना, बोलणं गाळतो: ‘ते काही विशेष नाही, नंतर सांगतो’. दुभाषीने काही गाळायचं नसतं, घालायचं नसतं आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं.

एका दुभाषीवर दिवस काढू नका. तासाभराहून लांब कामाला दोघं लागतात आणि ते साधारण १५ ते २० मिनिटांनी पाळी बदलतात. एकाच वेळी ऐकणं, अर्थ लावणं आणि दुसऱ्या व्याकरणात मांडणं यात मेंदू लवकर थकतो, आणि चुका सुरू झाल्या की त्या खुद्द दुभाषीच्याही लक्षात येत नाहीत. बसलेला दुभाषी रिकामा नसतो. निसटलेला आकडा किंवा नाव तो जोडीदाराला पुरवतो. ‘दोघांचे पैसे कशाला, एक तर बसूनच आहे’ असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. मानधन आधीच लेखी ठरवा: तासावर की दिवसावर, प्रवास आणि मुक्काम कोणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर काय, चित्रीकरणाला आणि ते यूट्यूबवर टाकायला परवानगी आहे का. सातांपैकी कुणी शाळेत न गेलेलं असेल आणि घरच्या खुणांवरच वाढलेलं असेल, तर ते दुभाषींना आधी कळवा. तिथे स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषी सोबत घेतला की फार फरक पडतो.

वक्त्याच्या स्लाइड, गणितं आणि पाहुण्यांची नावं किमान पाच दिवस आधी दुभाषींच्या हाती द्या. केवायसी, ओटीपी अशी लघुरूपं इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी दाखवून सांगता येतात. पण ‘चक्रवाढ व्याज’, ‘नामनिर्देशन’, ‘तारण’ यांना सगळ्यांच्या ओळखीची खूण असेलच असं नाही. दिल्लीच्या केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, तो बघावा. पण उत्तम म्हणजे सकाळी अर्धा तास लवकर बोलावून दुभाषी आणि त्या सात जणांनी मिळून पाचपंचवीस शब्दांच्या खुणा ठरवून घ्याव्यात. वक्ता तुकोबांचा अभंग किंवा शाब्दिक कोटी करणार असेल तर तीही आधी कळवा. आयत्या वेळी आलेल्या कोटीचं भाषांतर होत नाही.

सभागृहात दुभाषी वक्त्याच्या शेजारी, हात-दोन हात अंतरावर आणि पडद्याच्या बाजूला उभा राहावा, म्हणजे वक्ता, पडदा आणि दुभाषी एका नजरेच्या टप्प्यात येतात. मागे खिडकी नको, उजेडामुळे चेहरा काळा पडतो. मागे एकरंगी पडदा, कपडे त्वचेच्या रंगाहून वेगळ्या गडद एका रंगाचे. प्रोजेक्टरसाठी दिवे घालवता तेव्हा दुभाषीवर एक दिवा चालू राहिला पाहिजे. ही चूक मी सर्वाधिक वेळा होताना बघितली आहे, आणि ती पाच सेकंदांत संपूर्ण कार्यक्रम बंद पाडते. व्यासपीठावरची समई, मोठा पुष्पगुच्छ आणि सत्काराच्या वेळी पुढे येऊन उभे राहणारे फोटोग्राफर यांचाही विचार करा. कर्णबधिरांसाठी पहिल्या दोन रांगा किंचित कमानीत लावा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचे हात बाकीच्या सहांनाही दिसतील. कोपऱ्यात ‘राखीव’ची पाटी लावून बसवू नका.

वक्त्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. नेहमीच्या वेगाने बोला, पण स्लाइड आली की बोलणं थांबवून मनात दहापर्यंत मोजा. ऐकणारा माणूस वाचता वाचता ऐकतो. डोळे मात्र एका वेळी एकाच जागी असतात, स्लाइडवर किंवा दुभाषीवर. ‘हा आकडा बघा, यातून तो वजा’ असं न म्हणता ‘बारा हजारातून दोन हजार वजा’ म्हणा. दुभाषीकडे बघून ‘यांना सांगा की’ म्हणू नका. समोरच्या बाईंकडे बघून ‘तुम्ही’ म्हणा. त्या हातांनी बोलतील तेव्हा दुभाषी ‘मी’ म्हणेल, तो ‘मी’ त्यांचा. त्यासाठी दुभाषीला वेगळा माईक लागेल, आयत्या वेळी शोधू नका.

प्रश्नोत्तरांत एक गोष्ट हमखास बिघडते. दुभाषी वक्त्याच्या काही सेकंद मागे असतो, असावाच लागतो, वाक्याचा अर्थ लागल्याखेरीज भाषांतर होत नाही. ‘कुणाला काही विचारायचंय? नाही? बरं, पुढे जाऊ’ हे तीन सेकंदांत होतं, आणि ‘विचारायचंय?’ त्या सात जणांपर्यंत पोचतं तेव्हा वक्ता पुढच्या स्लाइडवर असतो. सूत्रसंचालकाने दुभाषीचे हात थांबल्यावर आणखी पाच सेकंद मोजावीत. एका वेळी एकानेच, हात वर करून, माईकवर बोलावं. गटकामाचंही आधी गणित करा: दुभाषी दोन असतील तर सात जण दोनच गटांत बसवा, चार गटांत विखुरले तर दोन गट मुके होतील. जेवणाच्या सुट्टीत दुभाषींना खरोखर जेवू द्या. तेव्हा स्वयंसेवकांनी कागद-पेन आणि फोनवर टाइप करून बोलावं. लक्ष वेधायला हात हलवा किंवा खांद्यावर हलकेच थोपटा, मागून ओरडू नका.

श्रवणयंत्रवाल्यांसाठी वक्त्याने माईक वापरायलाच हवा. ‘माझा आवाज खणखणीत आहे’ म्हणत माईक बाजूला ठेवणारे वक्ते त्यांचं नुकसान करतात. श्रवणयंत्राला टी-कॉइल (चुंबकीय संदेश पकडणारी छोटी तारेची गुंडाळी) असेल आणि सभागृहात इंडक्शन लूप (माईकचा आवाज चुंबकीय संदेशाने पाठवणारी, बसण्याच्या जागेभोवती टाकलेली तार) असेल तर आवाज थेट यंत्रात जातो. भाड्याने मिळाला तर बघा. मजकुरासाठी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब (बोलणं लगेच मजकुरात उतरवणारं ॲप) मराठीत चालतं. फोन वक्त्याजवळ ठेवून पडदा मोठ्या स्क्रीनवर दाखवा. पण ते नावं आणि इंग्रजीमिश्रित वाक्यं बिघडवतं, आणि एकोणसाठ-एकोणसत्तरसारख्या आकड्यांत त्याच्यावर विसंबू नका. रकमा आणि व्याजदर स्लाइडवर छापलेलेच हवेत.

प्रत्यक्ष दुभाषी मिळालाच नाही तर व्हिडिओवरून घ्या, फोनवर नाही, मोठ्या पडद्यावर. इंटरनेट तारेचं असू द्या, वायफाय नको. चित्र अडकलं की बोटांची अक्षरं गळतात आणि आकडा बदलतो. एक कॅमेरा तुमच्या सात जणांकडे वळवलेला असावा, नाहीतर दुभाषीला त्यांचे प्रश्न दिसणारच नाहीत.

प्राचार्यांना आधार हवा असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. त्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे, आणि कलम १६ मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना सांगतं की कर्णबधिरांचं शिक्षण त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून द्यावं. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाषीमार्फत बाजू मांडली. तिथे जे होऊ शकलं ते सभागृहात होणं अवघड नाही. अंदाजपत्रकात दुभाषींचा खर्च मंडप आणि चहाच्या ओळीतच धरा, शेवटी उरलं तर नव्हे.

आणि ‘दुभाषी असेल तरच येऊ’ म्हणणाऱ्या बाईंना आजच उत्तर पाठवा, नाहीतर त्या दुसरं काही ठरवतील. मजकूर असा चालेल: ‘नमस्कार. कार्यशाळेत सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी ठेवायचे आहेत. तुम्हाला कोणते दुभाषी चांगले वाटतात? नाव सांगा. आणखी काय सोय हवी? व्हिडिओ पाठवला तरी चालेल. दुभाषी नक्की झाले की तुम्हाला कळवू.’