नॉर्वेजियन जोडशब्द फोडताना: ‘सूरस्टॉफ’

नॉर्वेजियन शिकायला घेतली आहेस तर ‘सूरस्टॉफ’पासून सुरुवात कर. ‘सूर’ म्हणजे आंबट, ‘स्टॉफ’ म्हणजे पदार्थ. पण हा आंबट पदार्थ म्हणजे चक्क ऑक्सिजन!

जोडशब्द नेहमी मागून फोड. शेवटचा घटक मुख्य असतो, लिंगही तोच ठरवतो. ‘स्टॉफ’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘तो ठरावीक ऑक्सिजन’ म्हणताना रूप होतं ‘सूरस्टॉफे’. ही सवय लागली की शब्दकोशातले लांबलचक शब्द घाबरवत नाहीत.

मात्र फोड म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, इथे मी सुरुवातीला फार चुकलो. ऑक्सिजन आंबट लागतो म्हणून हे नाव पडलेलं नाही. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच, असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए मानत होता. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘आम्ल जन्माला घालणारा’ अशा अर्थाचं नाव दिलं. जर्मनांनी त्याचा ‘झाउअरश्टॉफ’ केला आणि त्याच साच्यातला शब्द नॉर्वेजियनमध्ये आला. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने 1810 मध्ये मांडलं. कल्पना मोडली, शब्द टिकला! मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते.

आता ‘वानस्टॉफ’, पाण्याचा पदार्थ, म्हणजे हायड्रोजन. आपला ‘उदजन’ आठव. ‘क्वेलस्टॉफ’ म्हणजे गुदमरवणारा, नायट्रोजन. डॅनिशमध्ये मात्र ऑक्सिजनला ‘इल्ट’ म्हणतात, तेव्हा दोन्ही भाषा एकच समजू नकोस. आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात आज ‘ऑक्सिगेन’च जास्त दिसेल, दोन्ही शब्द लिहून ठेव.