हिस्सा मागितला म्हणून मी वाईट ठरते का?

"दादाकडं हिस्सा मागितला तर माहेर तुटणार. नाही मागितला तर मुलीच्या तोंडाकडं बघवत नाही. दोन्हीकडून मीच चूक. मी वाईट आहे का?"

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यातून समुपदेशनाला येणाऱ्या लग्न झालेल्या बहिणींच्या तोंडी हा प्रश्न सारखा येतो. बहुतेक जणी तो वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर विचारतात, नाहीतर गावाजवळून रस्ता निघून जमिनीचे भाव चढले की विचारतात. खाली दिलेल्या प्रसंगात ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पेच मात्र खरा आहे.

बेळगावच्या पश्चिमेकडचं गाव, भात आणि रताळ्याची चार एकर शेती. वडील वारलेले, आई थोरल्या मुलाकडं. बहीण 1993 साली लग्न होऊन चंदगड तालुक्यात गेलेली. भावाचा निरोप आला, "गणपतीला येशील तेव्हा जरा सब-रजिस्ट्रारकडं जाऊन सही करून जा." हक्कसोडपत्र तयारच होतं, सगळं कन्नडमध्ये. बहीण मराठी शाळेत शिकलेली, तिला त्यातलं स्वतःचं नावसुद्धा वाचता येईना. तिनं एवढंच विचारलं, "माझं किती निघतंय त्यात?" त्या एका प्रश्नानं घर पेटलं.

आधी कायदा. तो धूसर ठेवून बरं-वाईट बोलायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच नीतिशास्त्र चालतं. या भावाला गावात कुणीतरी सांगितलं होतं की 1994 च्या आधी लग्न झालेल्या बहिणीला हिस्सा नाही. ही निव्वळ थाप नव्हती. हिंदू वारसा कायद्यातली कर्नाटकाची दुरुस्ती 30 जुलै 1994 ला लागू झाली तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट उरली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टातून वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र असेल तरीही वेगळी. नेमका हिस्सा किती, हे उतारे बघून वकिलानं सांगायचं. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाचं साहाय्य मोफत मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. समुपदेशकानं हिस्से मोजू नयेत.

कायदा कळला म्हणून तिचं अपराधी वाटणं थांबलं नाही. भावाचा रागही उतरला नाही. आमचं काम इथून सुरू होतं.

पहिल्या भेटी वेगवेगळ्या ठेवाव्यात, प्रत्येकाला पन्नासेक मिनिटं. बहिणीच्या नवऱ्याला आणि भावाच्या बायकोला त्या वेळी बाहेर बसवावं, कारण जोडीदार समोर असला की माणूस आपल्या मनातलं बोलायचं सोडून त्याची बाजू लढवतो. सांगितलेलं प्रत्येक कारण त्यांच्याच शब्दांत एकेका चिठ्ठीवर लिहावं. त्यात सुधारणा करू नये, सभ्य करू नये. या घरातल्या चिठ्ठ्या अशा होत्या.

भाऊ: "लग्नाला चाळीस हजार घातले, सोसायटीचं कर्ज मी फेडलं." "बाबांच्या डायलिसिसला मी एकटा पळालो." "बाबा म्हणालेत, जमीन मोडू नका." "आमच्यात पोरी हिस्सा मागत नाहीत."

आई: "मी असेपर्यंत घर फुटू देऊ नका."

बहीण: "मी काय परकी काय?" "चोळी-बांगडीवर किती दिवस बोळवण करणार?" "दादानं माझ्यासाठी केलंय, ते खोटं नाही."

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या चिठ्ठीला दिला. बहिणीचा सगळा पेच त्या चिठ्ठीतच होता.

पाश्चात्त्य नीतिविचाराच्या दोन मोठ्या वाटा इथं लगेच ओळखू येतात. आई परिणाम मोजते: कशानं कमीत कमी दुःख होईल? ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं 1861 मध्ये मांडलेला उपयुक्ततावाद त्याच दिशेचा आहे. फक्त आईच्या हिशेबात मुलीचं दुःख धरलेलं नाही, आणि मिलच्या हिशेबात प्रत्येकाचं सुखदुःख सारख्याच वजनाचं असतं. "मी काय परकी काय?" हे जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या वाटेवरचं वाक्य. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं त्यानं 1785 मध्ये लिहिलं. जिला फक्त सहीपुरती बोलावली, तिला नेमकी हीच गोष्ट टोचली होती. तरीही या दोन्ही वाटांवर तिच्या शेवटच्या चिठ्ठीचं उत्तर मिळत नाही. उलट दोन्ही वाटा तिला एकच काय ते ठरवायला सांगतात.

तिला उपयोगी पडला तो ऑक्सफर्डचा स्कॉटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस. 1930 साली त्यानं म्हटलं की माणसावर एकाच वेळी अनेक कर्तव्यांचा भार असतो, आणि त्या सगळ्यांच्या वर बसेल असा एकच नियम नाही. त्याच्या यादीत दिलेला शब्द पाळणं आहे, केलेल्या नुकसानीची भरपाई आहे, उपकारांची जाण आहे, न्याय्य वाटप आहे, दुसऱ्याचं भलं करणं, स्वतःला घडवणं आणि कुणाला इजा न करणं आहे. यादी पूर्ण असल्याचा दावा त्यानं केला नाही. दोन कर्तव्यांची टक्कर झाली तर त्या प्रसंगात कुठलं वजनदार ते सगळं पाहून ठरवावं लागतं. आणि जे मागं पडतं ते नाहीसं होत नाही. योग्य तेच करूनही मनाला बोच राहते, आणि ज्याचं देणं राहिलं त्याला ते दुसऱ्या रीतीनं चुकतं करणं आपल्यावर राहतं.

रॉसचा हा भाग समुपदेशनात सोन्यासारखा आहे. तिला वाटत होतं, अपराधी वाटतंय म्हणजे आपलं चुकतंय. रॉसच्या डोळ्यानं बघितलं तर अपराधी वाटण्यातून एवढंच कळतं की एक कर्तव्य मागं पडतंय आणि त्याचं देणं अजून फिटलेलं नाही. मग तिला विचारायचा प्रश्न बदलतो. "मागू की नको?" हा प्रश्न बाजूला ठेवून "दादाचं नेमकं काय देणं आहे, आणि ते कशानं फिटेल?" असं विचारता येतं.

त्याआधी एक गाळणी लावावी लागते. "गावात कुणालाच कधी कळणार नाही असं धरा. तरी बोचेल काय?" बोच निघून गेली तर ती लोक काय म्हणतील याची होती. तशा बोचेसाठी काम वेगळं: कुणाकुणाचं बोलणं सोसावं लागेल त्यांची नावं लिहायची आणि त्यांना द्यायचं एक वाक्य तयार ठेवायचं. बोच राहिली तर खरंच काही देणं आहे. या बहिणीच्या बाबतीत हिस्सा मागण्याची बोच निघून गेली. डायलिसिसच्या वेळी आपण नव्हतो, ही राहिली.

आता भाऊ. त्याच्याकडं कारणं भरपूर होती आणि एक पडलं की दुसरं उभं राहत होतं. कायद्याचं खोटं ठरलं, लग्न आलं. लग्न बाजूला पडलं, घराण्याची रीत आली. राग मात्र तेवढाच. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये मांडलं की नैतिक निवाडा बहुतेक वेळा मनात झटकन उमटतो आणि कारणं मागाहून जमवली जातात. इथं अनेक समुपदेशक घसरतात. एकेक कारण पाडत सुटतात, आणि माणूस वकिलासमोर बसल्यासारखा आखडतो. कारणं पाडायची नसतात, निवडायची असतात. त्याच्या चिठ्ठ्यांपैकी डायलिसिसची आणि वडिलांच्या शब्दाची या दोन अस्सल होत्या. पहिलीत उपकारांची जाण मागितली आहे, दुसरीत शब्द पाळणं. लग्नाच्या चाळीस हजारांची थोडी अस्सल: तो पैसा घरातल्या मुलीच्या लग्नाचा होता, हिश्श्याचा नव्हे. पण कर्ज त्यानं एकट्यानं फेडलं, हे खरं. "आमच्यात मागत नाहीत" ही रीत झाली, आणि रीत योग्य का, याचं कारण तिच्या पोटात नसतं.

रीत तपासायला अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं 1971 मध्ये एक युक्ती दिली: आपण कोण म्हणून जन्माला येणार हे ठाऊक नसेल तर कुठला नियम मागाल? हे आपल्या गावांना नवं नाही. पुष्कळ घरांत थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, असं चालत आलंय. कुठला वाटा आपल्याला येईल हे माहीत नसलं की वाटे सारखे पडतात. भावाला विचारलं, "तुम्हाला एक मुलगा, एक मुलगी. उद्या मुलानं तिला असाच कागद पाठवला तर?" तो म्हणाला, "ती गोष्ट वेगळी." "वेगळी कशी, तीन वाक्यांत लिहा." त्यानं पेन घेतलं, एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं अर्ध्यात सोडलं. त्या कागदाबद्दल पुढं काहीही बोलू नये. तो त्याच्याजवळच राहू द्यावा.

"बायकांनी नाती जपावीत" हा सल्ला याच टप्प्यावर कुणीतरी देतं, कधी शास्त्राचा आधार घेऊन. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1958 च्या अभ्यासात फक्त मुलग्यांच्या मुलाखती घेऊन नैतिक विचाराच्या पायऱ्या लावल्या. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये त्यावर आक्षेप घेतला की न्यायाखेरीज जपणुकीचाही एक नैतिक आवाज असतो आणि तो या मोजपट्टीत कमी भरतो. त्यातून "बाईनं सोडून द्यावं" असं मुळीच निघत नाही. पुढं 2000 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा न्याय आणि जपणुकीबाबतचा स्त्री-पुरुषांतला फरक लहान निघाला. या घरात तर आईबद्दल बोलताना भाऊ जपणुकीच्या भाषेत होता आणि बहीण हक्काच्या.

एकत्र बैठक दीड तासाहून लांबवू नये, आणि गौरी-गणपतीत किंवा भाऊबीजेला तर ठेवूच नये. सणाला आलेल्या बहिणीनं हिस्सा काढला की तिचं येणंच खोटं ठरवलं जातं. आईला निरोप्या करू नये: ती प्रत्येकाचं वाक्य मऊ करून पोचवते आणि दोघांनाही वाटतं, समोरचा कबूल झाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या घरच्या ग्रुपवर यातलं अक्षर लिहू नये. धमकी किंवा मारहाण झाली असेल तर एकत्र बैठक बंद, आधी सुरक्षितता आणि वकील.

बैठकीत दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या मांडून एकमेकांच्या वाचायच्या, मोठ्यानं. मग प्रत्येक कर्तव्य त्याच्याच चलनात फेडायचं. या घरात ते असं झालं. न्यायाचं देणं जमिनीत: वकिलानं सांगितलेला हिस्सा पूर्ण, त्यातून काही कापायचं नाही. उपकारांची जाण पैशात: वडिलांच्या आजारपणाचं कर्ज 2 लाख 60 हजार निघालं, त्यातले 1 लाख 30 हजार बहिणीनं हप्त्यांनी द्यायचे कबूल केले. आकडा तिनं स्वतः काढला. वडिलांचा शब्द अटीत: तिला कधी विकायची झाली तर आधी भावाला विचारायचं, आणि तेही वाटणीपत्रात लिहून. लग्नाचा खर्च भावानं स्वतःच मागं घेतला. दोन हिशेब एकत्र कालवले असते, "आजारपणाचे पैसे धरून हिस्सा कमी घे" असं झालं असतं, तर तिला ते उपकारांची किंमत वसूल केल्यासारखं वाटलं असतं आणि भावाला आपली सेवा विकल्यासारखं. बहुतेक तडजोडी इथंच नासतात.

सगळं गोड झालं नाही. वाटणीपत्र नोंदलं गेलं, पण वहिनी अजून तिच्याशी मोजकंच बोलते. तिच्या चिठ्ठ्या कुणी लिहूनच घेतल्या नव्हत्या, आणि डायलिसिसच्या काळात सासऱ्यांचं अंथरूण-पांघरूण तिनंच काढलं होतं. तिचं देणं या हिशेबात कुठंच धरलेलं नाही. ते बहिणीनं तिच्याकडं जाऊन, भाऊ नसताना, नाव घेऊन बोलायचं ठरलं आहे.

आणि ज्यांच्यासमोर आत्ता या घडीला कागद आहे, त्यांच्यासाठी: हक्कसोडपत्र नोंदलं की ते फिरवायला कोर्टात जावं लागतं आणि ते अवघड असतं. म्हणून "पंधरा दिवसांनी सांगते" एवढंच बोलून कागदाची प्रत मागून घ्या. कन्नड वाचणाऱ्या, घराबाहेरच्या माणसाकडून ती मराठीत ओळ न् ओळ ऐका: सर्वे नंबर, किती एकर-गुंठे, आणि मोबदला मिळाल्याचं लिहिलं आहे का. पैसा न घेता "घेतला" असं लिहिलेलं असेल तर सही करू नका, मग हिस्सा सोडायचं तुमच्या मनात पक्कं असलं तरी. सोडायचा असेल तर तो स्वतःच्या मर्जीनं, किती सोडतोय हे कळून सोडता येतो. बहिणीनं तसं ठरवलं तर तिला कुणी भोळी म्हणू नये.