१९८५-८६ ला हार्ट्सने लीग नेमकी कुठे घालवली

स्कॉटलंडच्या फुटबॉल लीगच्या त्या सीझनबद्दल तुझे दोन प्रश्न आहेत, एडिनबराचा क्लब हार्ट्स शेवटच्या दिवशी दडपणाखाली चोक झाला का, आणि सेंट मिरनने ग्लासगोच्या सेल्टिकसाठी मुद्दाम मॅच सोडून दिली का. दोन्हीचं उत्तर माझ्या मते नाही, पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, थोडं मागे जावं लागेल.

आधी परिस्थिती बघ. ३ मे १९८६, शेवटचा शनिवार. हार्ट्स ५० पॉइंट्स, सेल्टिक ४८, तेव्हा जिंकायचे दोनच पॉइंट्स मिळायचे, आणि पॉइंट्स सारखे झाले तर गोल डिफरन्स, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, बघायचे. हार्ट्सला डंडीच्या मैदानावर, डेन्स पार्कला, फक्त ड्रॉ हवा होता. सेल्टिकला पेझलीत सेंट मिरनला किमान तीन गोलांनी हरवायचं होतं आणि वर हार्ट्स हरायला हवे होते. हार्ट्स त्याआधी लीगमध्ये सलग २७ मॅचेस हरले नव्हते, त्यामुळे पैज लावणाऱ्यांनी काय लावलं असेल ते तूच ठरव.

झालं असं की सेल्टिक लव्ह स्ट्रीटवर, म्हणजे सेंट मिरनच्या मैदानावर, हाफटाइमलाच ४-० वर होते आणि शेवटी ५-० जिंकले, मॅक्लेअर दोन, मो जॉन्स्टन दोन, पॉल मॅकस्टे एक. इकडे डेन्स पार्कला ८३ व्या मिनिटापर्यंत ०-०, म्हणजे तोवर ट्रॉफी हार्ट्सचीच. मग डंडीचा कॉर्नर आला, गोलसमोर बॉलला डोकं लागून तो पुढे सरकला आणि सब म्हणून आलेल्या आल्बर्ट किडने मारला. लीगमध्ये त्या सीझनचा त्याचा पहिला गोल! चारेक मिनिटांनी त्यानेच दुसराही मारला. त्या दुसऱ्या गोलची खरं तर गरजच नव्हती, सेल्टिक ५-० असल्यावर हार्ट्सने १-० ने हरूनही लीग गेलीच होती. लव्ह स्ट्रीटवर लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेले, मैदानात काहीच घडत नाहीये आणि अचानक सेल्टिकवाले बेभान होऊन ओरडायला लागले.

(गंमत म्हणजे हार्ट्सचा कॅप्टनही किडच, वॉल्टर किड. जुन्या गप्पा वाचताना गोंधळू नकोस.)

आता चोकचं. त्या आठवड्यात हार्ट्सच्या कॅम्पमध्ये आजारपण आलं होतं, डिफेन्सचा आधार असलेला क्रेग लेव्हीन खेळूच शकला नाही. आणि डंडी काही सुट्टीवर आलेली टीम नव्हती हे लोक विसरतात, मॅनेजर आर्ची नॉक्सच्या त्या टीमला युएफा कपची, म्हणजे युरोपातल्या क्लब स्पर्धेची, जागा दिसत होती, जिंकायचं आणि रेंजर्स घसरायची वाट बघायची. रेंजर्स जिंकले, दोघेही ३५ वर थांबले आणि गोल डिफरन्सवर जागा रेंजर्सला गेली, ते वेगळं. पण मॅच चालू असताना डंडीला जिंकायची गरज होतीच. ड्रॉसाठी खेळणारी थकलेली टीम आणि जिंकण्यासाठी खेळणारी टीम, त्यात शेवटच्या सात मिनिटांत गोल होणं याला मी चोक म्हणणार नाही.

माझं म्हणणं असं की ही लीग मे मध्ये गेलीच नाही, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेली. मॅनेजर अलेक्स मॅकडोनाल्डची ही हार्ट्सची टीम १९८३ लाच खालच्या डिव्हिजनमधून वर आलेली, सीझन सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे कोणी बघत पण नव्हतं. पहिल्या आठपैकी पाच मॅचेस हरले. त्यातली एक कुठे, तर त्याच लव्ह स्ट्रीटवर, सेंट मिरनकडून ६-२! शेवटी सेल्टिकचा गोल डिफरन्स +२९ आणि हार्ट्सचा +२६, म्हणजे फरक तीनचा, आणि तिकडे एका दुपारी चार गेले होते. त्याहून वाईट पहिली मॅच, घरच्या टाइनकासलला सेल्टिकविरुद्धच. जॉन कहून, जो सेल्टिकमधूनच आलेला, त्याने हार्ट्सला पुढे नेलं आणि अगदी शेवटी शेवटी मॅकस्टेने १-१ केलं. तो गोल काढून टाक आणि हिशोब कर, हार्ट्स ५१, सेल्टिक ४९, मग शेवटच्या दिवशी आल्बर्ट किडने चार मारले असते तरी काही बिघडलं नसतं. दोघांचा रेकॉर्डही सारखाच आहे बघ, २० जिंकल्या, १० ड्रॉ, ६ हरल्या. आजचे तीन पॉइंट्स लावलेस तरी बरोबरीतच.

आणि आता खरी जखम. पूर्वी स्कॉटलंडमध्ये पॉइंट्स सारखे असले की गोल अॅव्हरेज बघायचे, म्हणजे केलेले भागिले खाल्लेले. आपल्या क्रिकेटच्या नेट रन रेटसारखंच प्रकरण, ज्याचा हिशोब फॅन्सना सगळं हातातून गेल्यावर समजतो. १९६५ ला हार्ट्स असेच शेवटच्या दिवशी टाइनकासलला किलमारनॉककडून २-० हरले. १-० ने हरले असते तरी चॅम्पियन होते. दोघे ५० पॉइंट्सवर, हार्ट्स ९०-४९, किलमारनॉक ६२-३३. भागाकार केलास तर १.८४ विरुद्ध १.८८, किलमारनॉक चॅम्पियन. वजाबाकी केलीस तर +४१ विरुद्ध +२९, हार्ट्स आरामात. मधल्या काळात नियम बदलून वजाबाकी आली. मग १९८६, परत दोघे ५० वर, हार्ट्स ५९-३३, सेल्टिक ६७-३८. वजाबाकीत सेल्टिक. आणि भागाकार? १.७९ विरुद्ध १.७६, हार्ट्स! दोन्ही वेळा चुकीच्या काळातला नियम त्यांच्या वाट्याला आला, एवढं कुठल्या क्लबच्या नशिबी आलेलं मी तरी वाचलेलं नाही. नियम म्हणून विचारशील तर मला वजाबाकीच बरी वाटते, भागाकारात गोल न खाणाऱ्या कंटाळवाण्या टीमला जास्त फायदा होतो, पण हे टाइनकासलच्या आसपास मोठ्याने बोलू नये.

पुढच्या शनिवारी, १० मे ला हार्ट्सची स्कॉटिश कपची फायनल होती, अलेक्स फर्ग्युसनच्या अॅबर्डीनविरुद्ध. पाचव्याच मिनिटाला जॉन हेविटने गोल केला, शेवटी ३-०, वॉल्टर किडला रेड कार्ड. आठ दिवसांत दोन्ही ट्रॉफ्या हातातून गेल्या. तिथे मात्र टीम आतून संपलेली होती, तुला चोक म्हणायचंच असेल तर त्या मॅचला म्हण. आल्बर्ट किड नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, आणि हार्ट्सचे शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी हिब्सवाले त्याचं नाव अजून जपतात, तो त्यांच्यासाठी कधी खेळला नसूनही.

राहिलं सेंट मिरनचं. संशयाला खतपाणी मिळतं ते दोन गोष्टींनी, एक तर स्कोअर, दुसरं म्हणजे त्यांच्याकडे फ्रँक मॅकगार्व्ही होता जो वर्षभरापूर्वी सेल्टिकमध्ये होता. शिवाय तोच आल्बर्ट किड लहानपणापासून सेल्टिकचा फॅन, मग काय, कहाणी तयारच. पण सेंट मिरनचा मॅनेजर अलेक्स मिलर होता, ज्याची उमेदीची वर्षं रेंजर्सकडून, म्हणजे सेल्टिकच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडून, खेळण्यात गेली. तो सेल्टिकला लीग आंदण देईल? रेंजर्सवाल्या कुणालाही विचारून बघ. टेबलमध्ये सेंट मिरन सातवे, त्यात त्या वर्षी रेलिगेशनच, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जाणंच, नव्हतं, पुढच्या सीझनला डिव्हिजन बारा टीमचं होणार म्हणून. म्हणजे गमावण्यासारखं काहीच नव्हतं, पाय सैल पडले असतील, ते मी मान्य करतो. पण पाय सैल पडणं वेगळं आणि मॅच विकणं वेगळं. आणि सेल्टिकने शेवटच्या आठही मॅचेस जिंकल्या होत्या, सुटलेलेच होते ते.

सेल्टिकचा तिसरा गोल शोधून बघ. डॅनी मॅकग्रेन स्वतःच्या गोलजवळून सुरुवात करतो, मग एकेक टचमध्ये बॉल अख्खं मैदान पार करून जॉन्स्टनकडे जातो. तो बघ आणि मग मला सांग, सेंट मिरनच्या कोणत्या प्लेअरने तिथे नक्की काय करायला हवं होतं.