लेक इतिहास घेते म्हणाली, तर…

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, गणितात हुशार, आणि आता म्हणते कॉलेजात इतिहास घेणार. तुम्ही दोघं इंजिनियर. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ‘हे शिकून ती करणार काय?’ असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीत तीस वर्षं इतिहास शिकवला. दर जूनमध्ये कुणाचे तरी वडील समोर बसून हेच विचारायचे. त्यामागची काळजी मला कळते, ती खोटी नाही.

पण त्याच पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय की राजापूरच्या घरी पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडी लिपीतले जुने कागद पडून आहेत, ते कुणी वाचून देईल का. ताई, ते वाचणारी माणसं कुठून येतात असं वाटतं तुम्हाला? कुणाची तरी लेक कधीतरी हाच हट्ट धरून बसलेली असते.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्दांमध्ये जागा सोडत नाही, ह्रस्व-दीर्घ पाळत नाही. वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. अक्षरओळख महिन्याभरात होते. कागद वाचता यायला मात्र वर्षं जातात, कारण त्या काळचे व्यवहार, जमिनीची मापं, नातीगोती ठाऊक नसतील तर अक्षर लागूनही अर्थ लागत नाही.

एक गृहस्थ माझ्याकडे असाच कागद घेऊन आले होते. ‘आजोबांनी जमीन विकून खाल्ली,’ असं त्यांच्या घरात तीन पिढ्या बोललं जायचं. माझी एक विद्यार्थिनी त्या कागदावर अख्खी दुपार बसली. ते गहाणखत निघालं. जमीन काही परत येणार नव्हती, पण आजोबांवरचा ठपका गेला. गृहस्थ ओटीवर कितीतरी वेळ कागद हातात धरून बसून राहिले. त्या मुलीने त्या दुपारी जे केलं, त्याला मी शिक्षण म्हणते.

तुमच्या पेटीत खोतीचे, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करायच्या वतनाचे, कागद असतील तर पुढची पायरी अवघड आहे. त्यात खोताचं नाव असेल, साक्षीदार असतील. ज्या कुळांनी चिखलात उभं राहून भात लावलं, त्यांचं म्हणणं नसेल. ‘आम्ही खोत’ असं अभिमानाने सांगणारी घरं मी पुष्कळ पाहिलीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक का मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ का उजाडलं, हे विचारणारी पोर घरात असली की जेवताना दोन घास अडकतात. अडकू देत. कागदात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, दोन्ही बघायला तिला कुणीतरी शिकवायला हवं. आम्ही शिक्षक वर्गात तेवढंच करायचो.

डिसेंबरात गावी येणार असाल तर तिला कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, न्या. उन्हं कलल्यावर जा, म्हणजे कातळात कोरलेल्या रेषा सावलीने उठून दिसतात. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, जवळ उभं राहिलं तर नजरेत मावत नाही, आणि त्याच्या अंगात आणखी प्राणी कोरलेत. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही सापडलाय, आज इथे गेंडा कुठला! २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. तिथला जांभा दगड कसा तयार झाला ते भूगर्भशास्त्र सांगेल. पण एवढ्या मेहनतीने हे का कोरलं, कुणासाठी कोरलं? कोरणाऱ्यांनी एक अक्षर मागे ठेवलेलं नाही. तिथे ती काय काय विचारते ते ऐका. तुमच्या घरच्या वादापेक्षा त्या अर्ध्या तासात तुम्हाला तिच्याबद्दल जास्त कळेल.

आता पोटापाण्याचं. सुरुवातीला पगार कमी असतो, हे मी लपवणार नाही. परदेशात फीसाठी मोठं कर्ज काढावं लागणार असेल तर आकडे तिच्यासमोर मांडा, ती गणितात हुशार आहे, तिला समजतील. त्या विभागात कोण शिकवतं, लिखाण किती करून घेतात, मागच्या मुलांनी पुढे काय केलं, हे तिलाच शोधायला लावा. जोडीला संख्याशास्त्र घेता येत असेल तर जरूर घेऊ दे. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामला १८८० साली जन्मलेले पां. वा. काणे वकिली करत होते. ती सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले, पहिला १९३० साली आणि शेवटचा १९६२ साली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही मावतं.

‘इतिहास काय, फावल्या वेळात वाच’ एवढं मात्र तिला म्हणू नका.

आणि ती पेटी. कागद घडीवर तुटतात, म्हणून ओढून उघडू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पडवीत उजेड असतो, तिथे स्वच्छ कापडावर एकेक कागद पसरून मोबाइलवर फोटो काढा, मागची बाजूसुद्धा. हे काम तिच्याकडे सोपवा. पहिले चार फोटो मला पाठवायला सांगा, आम्ही दोघी मिळून बसतो त्यावर.