बाबा गेले आणि मला रडूच आलं नाही, मी दगड आहे का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. कधी मुलगी विचारते, कधी सून, पण जास्त करून चाळिशीतले मुलगे, आणि तेही फोनवर आधी "एका मित्रासाठी विचारतोय" असं म्हणून. म्हणून म्हटलं एक केस सांगावी. ज्याची आहे त्याला विचारलंय, नाव-गाव दिलेलं नाही, दोनतीन तपशील बदललेत, तरी ओळखीच्या कोणाला ओळखू आलंच तर कृपया गप्प राहा.

तर हा माणूस 44 वर्षांचा, पुण्यात आयटीत. वडील जाऊन सात महिने झालेले. वडील म्हणजे आधी नेव्हीत 20 वर्षं आणि नंतर रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात 28 वर्षं वकिली. गावात सगळे त्यांना नेव्हीवाले वकील म्हणायचे. बसल्या बसल्या त्याने मोबाईल काढून मला एक फोटो दाखवला, व्हॉट्सअॅपवर फिरणारा, दुःखाच्या पाच पायऱ्या, नकार, राग वगैरे, आणि म्हणाला मॅडम, मी यातल्या कुठल्या स्टेजला आहे ते सांगा, कारण मला यातलं काहीच होत नाहीये. आई रोज रडते, ताई फोनवर रडते, बायको म्हणते तू दगड आहेस. डोळ्यातून एक थेंब नाही. तेराव्यालासुद्धा मी मांडववाल्याशी हिशोब करत होतो.

त्या पाच पायऱ्यांनी लोकांचं किती नुकसान केलंय ते सांगायला बसले तर वेगळा लेख होईल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मुळात जे स्वतः मरणाच्या दारात होते अशा पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कुठल्या क्रमाने रडावं याचं टाइमटेबल नव्हतं ते. पण आता ते शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं झालंय, तिसरीत नापास म्हणून लोक माझ्याकडे येतात.

मी त्याला म्हटलं स्टेज राहू दे, सात महिने तुम्ही काय काय केलंत ते सांगा. तर त्याच्याकडे एक्सेल शीट होती! खरंच. मृत्यूचा दाखला, आईची फॅमिली पेन्शन, फौजी पेन्शनचं स्पर्श पोर्टल, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं कार्ड, बँकेतली दोन खाती, गॅसचं कनेक्शन, सगळं हिरव्या रंगात. आणि त्यात एक गोष्ट त्याने जाताजाता सांगितली, तिथे मी थांबवलं त्याला. आईचं नाव पेन्शनच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरं, हे फौजी घरांमध्ये फार कॉमन आहे, लग्नानंतरचं नाव, स्पेलिंग, काहीतरी असतंच. तो मनाची तयारी करून गेला होता की आता सहा महिने खेटे घालायचे. तर फाईलमध्ये बाबांनी 2011 सालीच त्याचं अॅफिडेव्हिट करून, नोटरीचा शिक्का मारून, तीन झेरॉक्सांसकट लावून ठेवलेलं. काम तासाभरात झालं.

"मग बरं वाटलं?"

"नाही ना मॅडम. राग आला. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर हात आपटला. म्हणजे मेल्यावरसुद्धा माझ्यासाठी काही ठेवलं नाही या माणसाने."

आता हे रडणं नाही तर काय आहे? पण ते मी तेव्हा बोलले नाही.

पुढच्या वेळी वडिलांबद्दल बोलायला लागला. 71 साली अठराव्या वर्षी भरती, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर आर्टिफिसरचं, म्हणजे जहाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं ट्रेनिंग. दरवर्षी 4 डिसेंबरला, म्हणजे 1971 मध्ये आपल्या मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला त्या दिवशी, गावातली शाळा त्यांना नेव्ही डेला पाहुणे म्हणून बोलवायची आणि मुलं विचारायची आजोबा लढाईत तुम्ही कुठे होतात, तर हे सरळ सांगायचे, "लोणावळ्यात. नट घासत होतो." हेडमास्तर दरवर्षी कसनुसे व्हायचे. नंतर काही वर्षं विक्रांत या विमानवाहू जहाजावर, बॉयलर रूममध्ये. त्या उकाड्याबद्दल घरी एवढंच बोलायचे की मे महिन्यात पंखा लावायची आपल्याला लाज वाटते. 2016 मध्ये बजाजने विक्रांतचं भंगार झालेलं लोखंड वापरून मोटारसायकल काढली तेव्हा याने हौसेने बुक करू का विचारलं तर म्हणाले, "जहाजावर बसून भाजी आणायला जाऊ होय?" आणि दोन दिवस बोलले नाहीत कोणाशी.

मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत बाबा म्हणजे पत्र. पत्ता कायम एकच, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, जहाज कुठेही असो. सुट्टीत यायचे तेव्हा घर हलायचं, चपला एका रेषेत, जेवण ठरल्या वेळी. मग 91 ला घरी आले ते कायमचे, बीए बाहेरून आधीच केलेलं, पोरगा पाचवीत आणि बाप लॉ कॉलेजात, एकाच टेबलावर अभ्यास. तो म्हणाला, तेव्हा मी त्यांना अहो-जाहो करायचो मॅडम, पाहुणे असल्यासारखं.

मी विचारलं, आई रोज किती वाजता रडते? (हे मी विचारते नेहमी, लोक हसतात.) म्हणाला संध्याकाळी चहाच्या वेळी. काळजी वाटत होती त्याला, डिप्रेशन तर नाही ना. म्हटलं जेवतात का, झोपतात का, शेजारी जातात का? सगळं करत होत्या, भिशीसुद्धा सुरू होती. एकदा मी त्यांच्याशी फोनवर बोलले, तर बाई म्हणाल्या, "अहो ते जहाजावर असायचे तेव्हा वीस वर्षांत मी एकदा रडले नाही, पोरं घाबरली असती. आता पोरं मोठी आहेत. मागचं सगळं एकदम उरकून घेते." यावर मी काय समुपदेशन करणार? मीच गप्प बसले.

इथे एक सांगून ठेवते कारण कमेंटमध्ये विचारणारच. न रडणं हा आजार नाही, रोज रडणं हाही नाही. हॉलंडमधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी 1999 मध्ये मांडलंय की माणूस दुःखात बुडतो आणि परत बाहेर येऊन लाइटबिल भरतो, परत बुडतो, असा झोका चालूच असतो, आणि तो झोका असणं हेच ठीक असण्याचं लक्षण. कोणी लाइटबिलाच्या बाजूला जास्त असतो इतकंच. पण वर्ष उलटलं तरी रोज तीच तगमग, कामाला हात लागत नाही, दारू वाढली, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि जगण्यात अर्थ नाही असं मनात यायला लागलं तर वर्षाची वाट बघू नका, लगेच. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता फाईली. एक्सेलमध्ये एकच ओळ लाल होती, "ऑफिस". बाबांची ओसरीवरची खोली, तिथे पक्षकारांच्या 34 फाईली. वकील वारले की त्यांचं वकीलपत्र तिथेच संपतं, पक्षकाराला नवीन वकील बघून नवीन वकीलपत्र द्यावं लागतं, आणि त्यासाठी आपले कागद हवे असतात, खरेदीखतं, सातबारा, वारस दाखले, लोकांचा सगळा जीव त्यात. याने ताईला सांगितलेलं कोणीतरी ज्युनिअर येऊन घेऊन जाईल. कोणी येत नव्हतं. मी फक्त म्हटलं, तुम्हीच का नाही देत? दर शनिवारी जा, एकेक करून.

गेला. पहिल्याच शनिवारी वाटपाच्या दाव्यातली एक आजी आली, फाईलची फीत सोडायला हा ओढत बसला, सुटेना, कात्री शोधायला लागला तर आजीने हात धरला. म्हणाली, "वकिलांची गाठ आहे ती, ओढून नाय सुटत. टोकं आत ढकल." ढकलली तर अलगद सुटली. जहाजावरची रीफ नॉट. पोराला वडिलांची गाठ माहीत नव्हती आणि पक्षकाराला माहीत होती, हे त्याने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या आवाजात. गाठीवरून इथे काही उपमा देता येईल पण मी देणार नाही.

मग प्रत्येक शनिवारी कोणीतरी काहीतरी सांगून जायचं. फी दिली नाही तरी तारखेला उभे राहायचे. चिडायचे फार. एकाने सांगितलं माझ्यावर ओरडले म्हणून मी वकील बदलला होता, सहा महिन्यांनी परत आलो. तो हे सगळं घरी जाऊन आईला सांगायचा, चहाच्या वेळी.

वर्षश्राद्धाच्या आधी ताईने पेपरात द्यायचा मजकूर पाठवला, कुटुंबवत्सल, नामवंत विधिज्ञ, 1971 च्या युद्धातील वीर. हा माझ्याकडे आला तो चिडूनच. म्हटलं तुम्ही काय लिहाल? म्हणाला युद्धाची ओळ काढणार, बाबांनी शाळेच्या पोरांना खोटं नाही सांगितलं, मी पेपरवाल्याला कसं सांगू. कुटुंबवत्सल राहू दे, अॅफिडेव्हिट बघितलंय मी. त्या जागी त्याने "विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये सेवा" एवढंच घातलं. ताई आधी रुसली, मग तिलाच ते आवडलं.

शेवटच्या सेशनला उठता उठता विचारलंन, "मॅडम, रडू अजून नाही आलं. चालेल ना?"

म्हटलं चालेल.

33 फाईली गेल्यात. एकीचा माणूस विरारला राहायला गेलाय म्हणे, पत्ता अर्धवट आहे, या शनिवारी तिकडे जाऊन बघणार आहे.